काळीज पंधरा वर्षांचं

निपाणीच्या आसपासच्या हायस्कुलांत मी गेली पंचवीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. हृदयाचा धडा किती वेळा शिकवला याची मोजदाद नाही. पण हृदयाविषयी जे कामाचं कळलं ते बहुतेक पुस्तकाबाहेर कळलं, आणि बरंचसं उशिरा कळलं. आमच्या भागातल्या पोरापोरींना ते वेळेवर कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते.

१. आकृती पाठ असली म्हणजे हृदय कळलं असं होत नाही.

१९९४ च्या मार्चमधली गोष्ट. मी तेव्हा अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात अकरावीला होते. निपाणीकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: आमचं घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात, मधलं अंतर चालत जाण्याइतकं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. वय सत्तेचाळीस. अंगाने सडपातळ, त्यामुळे त्यांना काही आजार असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही. दिवसाला दोन बंडल विडी आणि वखारीतला चहा चालायचा, पण त्याला कोण आजार म्हणतंय!

रात्री अकराच्या सुमाराला ते उठून बसले. छातीवर पोतं ठेवल्यागत वाटतंय म्हणाले. बनियन पिळून काढावा इतका भिजला होता आणि हाताला अंग गार लागत होतं. उजव्या हाताने ते डावा दंड चोळत होते. आई म्हणाली, पित्त खवळलंय. ओवा दिला, लिंबू-सोडा दिला, छातीला बाम चोळला. "आता कुणाला उठवायचं? सकाळी जाऊया डॉक्टरकडं," असं आण्णाच म्हणाले. पहाटे गाडी मिळाली. कोल्हापूरच्या वाटेवर, कागल यायच्या आधीच, ते गेले.

आदल्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेत मी हृदयाची आकृती काढली होती. चार कप्पे, झडपा, महाधमनी, सगळी नावं बरोबर, पूर्ण गुण. आणि समोर बसलेल्या माणसाचा घाम कशाचा आहे हे मला ओळखता आलं नाही. रात्री अकरा ते पहाटे पाच हे सहा तास आमच्या हातात होते. ते मी आजवर विसरलेले नाही.

म्हणून माझ्या वर्गात आकृतीच्या आधी लक्षणं येतात. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, जबड्याकडे, पाठीकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, गार घाम, धाप, मळमळ. बायकांना आणि साखरेच्या रुग्णांना कधी नुसता थकवा आणि धाप एवढंच जाणवतं. असं दिसलं की ओव्याचा डबा शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. हे वाक्य मी मुलांकडून पाठ करून घेते. पाठांतराचा मला एरवी तिटकारा आहे, पण इथे ते हवंच.

२. दुखणं पन्नाशीत दिसतं, पण घर करायला लागतं शाळेच्या वयात.

१९५३ साली अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० जवानांची हृदयं त्यांनी तपासली होती. सरासरी वय २२. धडधाकट, रोज कवायत करणारी पोरं. त्यांच्यातल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. त्यातल्या कुणाला छातीत कधी कळ आली असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार कसा बसतो हे पोरांनी पाहिलेलं असतं. पहिल्या वर्षी काही कळत नाही, धार जोरातच असते. रक्तवाहिनीत चरबीचा थर असाच धरत जातो. आणि आपल्या लोकांना तो लवकर गाठतो. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास आला. त्यात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येत होता, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी. मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, घराचं कर्ज, सगळं याच सहा वर्षांत असतं.

३. ज्या घरात तंबाखूवर चूल पेटते, तिथे तंबाखूवर भाषण देऊ नये.

निपाणीत शिकवायचं तर हे आधी समजून घ्यावं लागतं. माझी फी तंबाखूच्या पैशातून भरली गेली. वर्गातल्या कितीतरी मुलींच्या आया सूप मांडीवर घेऊन विड्या वळत आल्या. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी इथल्या हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते. गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. ज्या पिकाच्या दरासाठी गावाने माणसं गमावली, त्याला मी वर्गात नुसतं विष म्हणून मोकळी झाले, तर पोरगं माझं ऐकेल की आपल्या आज्ज्याचं? नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी तेच केलं. सडलेल्या फुप्फुसाचे तक्ते लावले, शपथा दिल्या. पोरं शपथ घेऊन बाहेर पडायची आणि पानपट्टीपाशी थांबायची.

पुढे मी माझीच गोष्ट सांगायला लागले. माझी आजी मिसरी लावायची, कुणी मशेरी म्हणतात. तव्यावर तंबाखू टाकायची आणि मंद जाळावर भाजत बसायची. धुराने घरभर ठसका लागायचा. पान काळंकुट्ट झालं की ते चुरून, चाळून पितळी डबीत भरायची. जेवण झालं की बोटाने दातांवर. मी आठवीत असताना तिच्या डबीतली चिमूटभर चोरून लावली. दोन मिनिटांत डोकं गरगरलं, तळहात ओले झाले आणि काळीज इतकं धडधडायला लागलं की मी चौकट धरून खाली बसले. ती धडधड निकोटिनची होती. निकोटिन नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब चढवतं. सवय झाली की धडधड जाणवत नाही, पण हृदयाला ती करावीच लागते. विडी-सिगारेटच्या धुराने भरीला रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि रक्त गोठायला सोपं जातं. आण्णांच्या सत्तेचाळीस वर्षांचा हिशेब मला इथे लागला.

ही गोष्ट सांगितल्यावर मुलं आपापल्या घरातल्या डब्यांविषयी बोलायला लागली. पोरीसुद्धा.

आणखी एक शिकले. पन्नाशीतला झटका पंधरा वर्षांच्या पोराच्या नजरेच्या टप्प्यात नसतो. त्याला दिसते १६०० मीटरची वेळ. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे आमच्या गावांत भरतीचं वेड पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. पहाटे पाचला सर्व्हिस रोडवर पोरं धावत असतात. त्यांतल्या दोघांना मी एवढंच म्हटलं, "महिनाभर तंबाखू सोडा आणि वेळ वहीत लिहा." वेळ सुधारल्यावर त्यांनी ती वही माझ्यापेक्षा आपल्या मित्रांना जास्त दाखवली. मोठ्यांसाठीही यात आशा आहे: धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायदाही माहीत असू द्या. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे, आणि कर्नाटकाने २०२५ पासून विक्रीसाठी वयाची अट १८ वरून २१ वर नेली आहे. शाळेच्या फाटकातून पानपट्टी दिसत असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीत विषय काढा.

४. घसा दुखतो तेव्हा हृदयाकडेही बघा.

हा धडा मला एका नववीतल्या मुलीने दिला. २०१५ चा पावसाळा. वर्ग वरच्या मजल्यावर होता. ही पोर रोज जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली असायची. मला वाटलं, प्रार्थनेला दांडी मारते. एकदा रागावले तर म्हणाली, "बाई, धाप लागत्या. थोडं बसलो की बरं वाटतंय." आमच्याकडे मुली अशाच बोलतात, 'बसलो', 'आलो'. चेहरा पांढराफटक. मी तिला अशक्तपणा असेल म्हणून शेंगदाणे-गूळ खायला सांगितलं. हे मी विज्ञानाची शिक्षिका असून सांगितलं.

त्याच महिन्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं. २०१३ पासून ही पथकं शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करतात, त्यात हृदयाचे आजारही येतात. पोरं रांगेत, एकेकाला मिनिटभर. हिच्या छातीवर मात्र डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही. डाव्या कुशीवर झोपवून पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हिचे सांधे कधी सुजले होते का?"

सुजले होते. दोन वर्षांपूर्वी. आधी घसा धरला, ताप आला, मिठाच्या गुळण्यांवर निभावलं. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, मग मनगट. घरचे म्हणाले वात आहे, कुणी म्हणालं वाढीचं दुखणं. आपोआप गेलं, सगळे विसरले. पण तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराची चूक होते आणि ते आपल्याच सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात. झडप बरेचदा होत नाही. पाच ते पंधरा या वयात हा ताप सगळ्यात जास्त येतो, आणि एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात अशा घरांत जास्त.

बेळगावला इको काढला. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद झालेली. उपचार काय, तर दर २१ दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन. झडपेला इजा झालेली असेल तर ते वर्षानुवर्षं, निदान पंचविशीपर्यंत, काहींना त्याही पुढे. घसा पुन्हा धरू नये आणि झडपेवर पुन्हा घाव बसू नये, एवढंच त्याचं काम. औषध स्वस्त आणि जुनं आहे. अवघड आहे ते एकविसावा दिवस न चुकवणं. जवळच्या दोन दवाखान्यांनी रिअ‍ॅक्शनच्या भीतीने द्यायला नकार दिला, तिसऱ्याने आधी चाचणी घेऊन दिलं. इंजेक्शन इतकं दुखायचं की ती दुसऱ्या दिवशी लंगडत यायची. तिने भूगोलाच्या वहीच्या पाठच्या पुठ्ठ्यावर तारखा आखल्या होत्या आणि झालेल्या तारखेवर लाल पेनाने टिंब द्यायची. मी दर तीन आठवड्यांनी ती वही मागायचे. भूगोलाचे सर एकदा म्हणाले, वही माझ्या विषयाची आणि तपासता तुम्ही.

तिची आई एक दिवस शाळेत आली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, ह्ये कुणाला सांगू नगा. उद्या लग्नाचं बघायचं हाय." मी तिला बाकावर बसवून घेतलं. गरोदरपणात हृदयाला एरवीपेक्षा कितीतरी जास्त रक्त पंप करावं लागतं, अरुंद झडपेला तो भार झेपत नाही, आणि लपवून लावलेलं लग्न पोरीच्या जिवावर बेतू शकतं, हे सगळं सांगितलं. रडली ती. पण पुढे स्थळ आलं तेव्हा तिनेच फाइल मुलाकडच्यांपुढे ठेवली. एक स्थळ मोडलं. दुसऱ्याने आपल्या बहिणीला डॉक्टरकडे पाठवून नीट विचारून घेतलं आणि हो म्हटलं. पोरगी आज संसारात आहे, हृदयाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे, आणि इंजेक्शन चालू आहे.

म्हणून आईबापांना माझं सांगणं: मुलाचा घसा ताप घेऊन दुखतोय, खोकला-सर्दी फारशी नाही, गिळताना त्रास होतोय, मानेत गाठी आल्यात, तर नुसत्या गुळण्यांवर सोडू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मधेच थांबवू नका. आणि घसा होऊन गेल्यावर सांधे आळीपाळीने सुजले, तर हृदय तपासून घ्या.

५. धावताना आलेली चक्कर उन्हावर ढकलू नये.

भरतीसाठी पळणाऱ्यांतलाच एक मुलगा शेवटच्या फेरीत कोसळला. पाणी मारलं, उठला, हसला. "काय खाल्लं नव्हतं, बाई." थोडं खोदून विचारल्यावर कळलं, पळायच्या आधी तो कॅफीनवालं एनर्जी ड्रिंक प्यायचा, आणि त्याचा चुलता तिशीत शेतात काम करता करता अचानक गेला होता. घरात या दोन गोष्टी कुणी एकमेकांशी जोडल्या नव्हत्या. काही घराण्यांत आनुवंशिक दोषाने हृदयाचा स्नायू जाड होत जातो किंवा ठोक्यांच्या लयीत दोष असतो. बाहेरून काही दिसत नाही, पुष्कळदा जोराच्या श्रमात ते उघडं पडतं. धावताना शुद्ध हरपणं, श्रमात छाती दुखणं, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक जाणं, यांतलं एकही असेल तर ईसीजी आणि इको काढल्याशिवाय मैदानात उतरू नये. त्या मुलाचे रिपोर्ट सुदैवाने चांगले आले. तोवरचे पंधरा दिवस त्याची आई जेवली नाही नीट.

२९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार हृदयविकाराने वयाच्या ४६ व्या वर्षी गेले, तेव्हा आमची मराठी माध्यमाची पोरंही सुन्न झाली होती. २०२५ मध्ये हासन जिल्ह्यातल्या तरुणांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंनी पुन्हा घबराट झाली, मोबाइलवर लसीच्या नावाने वाट्टेल ते फिरलं. कर्नाटक सरकारच्या तज्ज्ञ समितीला कोविड लसीशी त्याचा संबंध आढळला नाही. अफवेचं एक मोठं नुकसान असतं: लसीला दोष दिला की विडी, साखर, रक्तदाब सगळे सुटतात. वर्गात यावर एक तास जरूर द्यावा.

६. डब्यापेक्षा पुडीवर लक्ष ठेवा.

आमच्या भागातला डबा मुळात चांगला आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, झुणका, शेंगदाण्याची चटणी. बिघडतं ते मधल्या सुट्टीत, पाच आणि दहा रुपयांच्या खाऊच्या पुड्यांनी. मीठ दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत असावं असा दंडक आहे, आणि पुडी, फरसाण, लोणचं, पापड मिळून ते कधी ओलांडलं जातं ते कळतही नाही. मी मुलांना पुडीमागचा बारीक मजकूर वाचायला लावते. त्याने सगळे खायचे थांबत नाहीत, पण निवडायला लागतात.

७. पी.टी.चा तास गणिताला देऊ नका.

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल वाढवायला मीही तो तास घेतलेला आहे. आता घेत नाही. या वयात रोज तासभर घाम येईल इतकी हालचाल हवी. मुलगे गल्लीत क्रिकेट तरी खेळतात. मुलींना आठवीनंतर घराबाहेर तेवढी मोकळीक नसते, त्यांना शाळेतला तो तासच मिळतो.

८. रक्तदाबाचं यंत्र फक्त म्हाताऱ्यांसाठी नसतं.

आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून दीड-दोन हजारांचं डिजिटल यंत्र घेतलं. पहिल्याच दिवशी नववीतल्या एका जाडसर मुलाचा आकडा भलताच जास्त आला. आधी पट्टा बदलला, कारण दंडाला लहान पडणारा पट्टा खोटा जास्त आकडा दाखवतो. मग पाच मिनिटं शांत बसवून, वेगवेगळ्या तीन दिवशी पाहिलं. तरी १३० च्या वरच. तेरा वर्षांपुढच्या मुलांत १३० किंवा ८० च्या पुढे वारंवार जाणारा आकडा डॉक्टरांना दाखवायलाच हवा. त्या मुलाच्या निमित्ताने घरच्यांनीही रक्तदाब मोजला. वडिलांचा आकडा त्याच्याहून वाईट निघाला. बेचाळीस वर्षांचा माणूस, आयुष्यात कधी मोजलेला नव्हता.

९. पंधरा वर्षांचं मूल घरातला सगळ्यात जागा माणूस असू शकतं.

वर्गात पहिल्यांदा "सीपीआर शिकूया" म्हटलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, सीपीआर कोल्हापुरात हाय की!" त्याच्या मते सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. मग गादी आणली, उशी ठेवली आणि हृदय थांबल्यावर छाती कशी दाबायची ते दाखवलं. माणूस हलत नाही, नीट श्वास घेत नाही असं दिसलं की आधी १०८. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती दोन इंच दबेल इतक्या जोराने, मदत येईपर्यंत. दोघांनी पाळीपाळीने, कारण दोन मिनिटांत हात भरून येतात. पोरींना हे मुलांपेक्षा नीट जमतं, असा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी दहावीतल्या एका मुलीने आपल्या आजोबांचा घाम ओळखला. घरात ओवा निघालाच होता. तिने फोन लावला, त्यांना चालू दिलं नाही, बसवून ठेवलं. आजोबा आहेत.

सीमाभागातल्या घरांना एक जादा काम आहे: गाडी कोल्हापूरकडे वळवायची की बेळगावकडे, हे रात्री हमरस्त्यावर उभं राहून ठरवू नका. कर्नाटकाची 'हृदय ज्योती' योजना पुनीत राजकुमारांच्या नावाने आहे. तिच्यात तालुका रुग्णालयांत ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत मिळतं. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ती सोय आहे का, तुमचं आरोग्य योजनेचं कार्ड सीमेच्या कुठल्या बाजूला चालतं, रात्री कोण असतं, हे दिवसाउजेडी जाऊन विचारून या. जाताना घरातल्या नववी-दहावीच्या मुलाला सोबत न्या, आणि उत्तरं त्याच्या हाताने कागदावर लिहून घेऊन तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.